सोलंगच्या बर्फात पहिली पावलं: कोल्हापूरहून जाणाऱ्यांसाठी

पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चालणारा किंवा पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन जोतिबाच्या पायऱ्या चढणारा माणूस हिमालयात दमसासाला कमी पडत नाही. त्याच्या अंगाशी येतात त्या सवयी. फेब्रुवारीत मनालीजवळच्या सोलंगला कोल्हापूरच्या गटाचं बर्फावरचं प्राथमिक प्रशिक्षण झालं, तेव्हा हे पदोपदी दिसलं. सह्याद्रीत ज्या गोष्टी आपल्याला सांभाळतात, त्यातल्या काही बर्फावर नेमक्या उलट पडतात.

आधी प्रवासाचं. कोल्हापूरहून साप्ताहिक निजामुद्दीन एक्सप्रेस थेट दिल्लीला नेते. ती जमत नसेल तर पुण्याहून विमान. दिल्लीच्या काश्मिरी गेट स्थानकावरून मनालीला रात्रीची व्होल्वो मिळते. ताजा बर्फ पडला की सोलंगच्या वाटेवर नेहरूकुंडाजवळ साध्या गाड्या अडवतात, पुढे फोर बाय फोर करावी लागते. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवाच, नाहीतर हातातलं तिकीट खराब हवेतही बाहेर पडायला भाग पाडतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे आणि सोलंग अडीच हजारांच्या आसपास, म्हणून पोहोचलेल्या दिवशी फक्त हिंडणं-फिरणं. पुढे कधी तीन हजार मीटरच्या वर मुक्काम करायचा झाला, तर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

कपड्यांत सुती काहीच नको, बनियनसुद्धा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलं की अंग गार पडतं. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, आणि थांबल्यावर घालायला डाउन (पिसांचं) जॅकेट सॅकमध्ये अगदी वर. आपल्याकडे घामाघूम होऊन चालणं अंगवळणी पडलेलं असतं. इथे निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, म्हणजे दहा मिनिटांनी बेत बरोबर जमतो. हातमोज्यांचे दोन जोड हवेत, एक पातळ आणि एक जलरोधक, शिवाय जाड जोड सुटा. ओला हातमोजा बर्फात वाळत नाही.

बूट मनालीत भाड्याने मिळतात, पण घाई करू नका. जाड मोजा घालून उतारावर उभं राहा. बोटं पुढे टेकता कामा नयेत आणि आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही, आणि मग कितीही मोजे घातले तरी पाय गारच राहतो. सह्याद्रीतला मऊ तळव्याचा बूट क्रॅम्पॉनला, म्हणजे बुटाखाली बांधायच्या धातूच्या दातेरी सांगाड्याला, चालत नाही. तो वाकतो आणि क्रॅम्पॉन निसटतं. जोड जुळलाय का, हे पट्टे बांधण्याआधी बूट उचलून पाहावं. क्रॅम्पॉन आपोआप बुटाला धरून राहिलं तर माप बरोबर. बकल नेहमी बाहेरच्या बाजूला.

कातळावर आपण बुटाची कड लावतो. क्रॅम्पॉन घातल्यावर हीच सवय घात करते, कारण कडेचे दोन-तीन दातच रुततात आणि घोटा मुरगळतो. तळवा सपाट टेकवा, म्हणजे खालचे सगळे दात धरतील. पावलांत खांद्याएवढं अंतर ठेवा, नाहीतर दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बूट आणि पोटरीवरच्या आवरणात) अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो. दुपारी ओलसर बर्फ दातांखाली गोळा होऊन चिकटतो, तो आइस अ‍ॅक्सच्या (बर्फात वापरायच्या कुऱ्हाडीच्या) दांड्याने ठोकून पाडत राहावं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो सेल्फ अरेस्टला, म्हणजे घसरत असताना स्वतःला थांबवण्याला. सरावाचा उतार २५ ते ३० अंशांचा, बर्फ दाबलेला आणि खाली सपाट मोकळी जागा असलेला हवा. खडक, झाडं आणि डोक्यावर साठलेला बर्फ नको. हेल्मेट घाला, क्रॅम्पॉन काढून ठेवा. अ‍ॅक्स उजव्या हातात असेल तर उजवा हात तिच्या डोक्यावर, रुंद पातं उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, आणि डावा हात दांड्याच्या टोकावर, डाव्या कमरेशी. मग उजवीकडे, म्हणजे अ‍ॅक्सच्या डोक्याच्या बाजूने पालथं व्हायचं आणि छातीचा भार दांड्यावर टाकून चोच (डोक्याची टोकदार बाजू) बर्फात दाबायची. नवशिके डावीकडे वळतात. मग दांड्याचं टोक आधी रुततं आणि अ‍ॅक्स हातातून हिसकली जाते. क्रॅम्पॉन घातलेले असताना पाय गुडघ्यातून वर उचलायचे, कारण दात अडकला की शरीर कोलांटी खातं. डोकं खाली असताना घसरलात तर चोच बाजूला रोवा, पाय आपोआप फिरून खाली येतात. हे सगळं पहिल्या एक-दोन सेकंदांत व्हायला हवं. वेग धरल्यावर कडक बर्फावर कोणाचीच अ‍ॅक्स थांबवत नाही. म्हणूनच खरं कौशल्य न घसरण्यात आहे: प्रत्येक पावलाआधी चढाच्या बाजूच्या हातातला दांडा बर्फात खोल रोवायचा. घसाऱ्यावर बसून घसरत उतरायची आपली हौस क्रॅम्पॉन पायात असताना पूर्ण बंद.

दुसरी घातक सवय नाळेची, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीची. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेल्या माणसाला नाळ दिसली की वाट दिसते. बर्फात तीच नाळ हिमस्खलनाचा मार्ग असते. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात. उतार मोबाइलमधल्या कोनमापकाने मोजता येतो, आणि आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावरचा उतार मोजायचाच. ताजा बर्फ पडल्यावर किमान एक-दोन दिवस तीव्र उतारांखाली जाऊ नये. पायाखालून ‘हुंफ्’ असा दबका आवाज आला किंवा बर्फाला भेगा गेल्या, तर तिथूनच मागे. डीजीआरई ही संस्था हिमाचलसाठी हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज सकाळी वाचावेत. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे हवं आणि ते वापरता यायला हवं, कारण गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. प्रशिक्षक सोबत असणं म्हणजे अभय नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचे प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी हिमस्खलनात गेले. म्हणून ‘आज हा उतार का निवडला?’ हा प्रश्न प्रशिक्षकांना बेधडक विचारा. चांगला प्रशिक्षक त्याचं नीट उत्तर देतो.

पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. नळीने पाणी प्यायची पिशवी इथे निरुपयोगी, नळी गोठते. गूळ-शेंगदाणे उत्तम, पण गुळाचे खडे घरीच अंगठ्याएवढे फोडून घ्या. थंडीत ढेप दगडासारखी होते आणि हातमोज्यांनी ती फुटत नाही. गॉगल ढगाळ हवेतही काढू नका. बर्फाने डोळे भाजले तर दुखणं काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतं. बोटाचा किंवा नाकाचा शेंडा पांढरा, बधिर झाला तर बर्फाने चोळू नका. उघड्या त्वचेला त्वचा लावून ऊब द्या. सोबत्याची जीभ जड झाली, तो अडखळायला लागला, हातातल्या वस्तू पाडायला लागला, तर तो दमलाय असं समजू नका. शरीर गार पडतंय. कोरडे कपडे, आडोसा, गोड गरम पाणी आणि लगेच खाली.

हे जमलं आणि आवडलं, तर पुढे मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी संस्थेचा (स्थापना १९६१) किंवा उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा (१९६५) जवळपास चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करावा. जागा लवकर भरतात आणि वैद्यकीय दाखला लागतो. विम्याची पॉलिसी घेताना दोर आणि आइस अ‍ॅक्स वापरून होणारं गिर्यारोहण त्यात धरलंय का, ते आधी लेखी विचारून घ्या. साध्या प्रवास विम्यातून ते बहुधा वगळलेलं असतं.