बिनसाबणाच्या पाण्यातला फेस

बचाव पथकाच्या प्रमुख बाईंनी दोन मोठ्या पिशव्या टेबलावर उलट्या केल्या. लाल रंगाची 11 जॅकेटं. "तपासायचं काही नाही," त्या म्हणाल्या, "वॉटरप्रूफ राहिलेली नाहीत एवढं लिहून द्या. नवी मागवायला कागद लागतो."

डोंगरात वापरायचे कपडे धुणं, दुरुस्त करणं आणि त्यांचं पाणी झटकण्याचं बळ परत आणणं हे माझं काम. कागद मी लगेच लिहून दिला असता, तर त्या दिवशी कुणीच हरकत घेतली नसती. पण आधी विचारलं, नक्की झालं काय?

मागच्या मोहिमेत पथक सहा तास पावसात होतं. सगळ्यांचे आतले कपडे ओले झाले. एक मुलगा इतका कुडकुडायला लागला की त्याला अर्ध्यातून खाली आणावं लागलं. "वाचवायला गेलेल्यालाच वाचवायची पाळी," एवढं बोलून त्या गप्प झाल्या.

एक जॅकेट हातात घेतलं. स्वच्छ होतं, अगदी सुगंधीसुद्धा. बाहीवर ड्रॉपरनं पाण्याचा थेंब सोडला. तो घरंगळायला हवा होता. तो पसरला, कापड गडद झालं आणि थेंब दिसेनासा झाला.

"धुता कशानं?"

"दर मोहिमेनंतर धुतो. चांगली पावडर. आणि कडक होऊ नयेत म्हणून शेवटी सॉफ्टनर."

हे ऐकून वाईट वाटलं. माझ्याकडे येणारी बहुतेक जॅकेटं वर्षानुवर्षं पाणी न लागलेली असतात, कारण धुतलं की वॉटरप्रूफपणा जातो अशी समजूत आहे. हे लोक मात्र नेमानं, मन लावून धूत होते आणि घात त्या धुण्यानंच केला होता.

अशा जॅकेटात अडवणाऱ्या गोष्टी दोन असतात. आत पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन. 1969 साली बॉब गोअर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी एका झटक्यात ताणली, तेव्हा असा सच्छिद्र पदार्थ हाती लागला. त्यापासून बनलेल्या गोअर-टेक्स पडद्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे 20,000 पट लहान आणि वाफेच्या कणापेक्षा सुमारे 700 पट मोठी, असं खुद्द ती कंपनी सांगते. पाऊस बाहेर राहतो, घामाची वाफ निघून जाते. दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरच्या कापडाच्या धाग्यांवरचा लेप, आमच्या भाषेत डीडब्ल्यूआर. थेंब मोत्यासारखे उभे राहतात ते या लेपामुळे. लेप झोपला की बाहेरचं कापड पाणी पितं, जड आणि गार होतं. वाफेची वाट बंद होते आणि घाम आतल्या बाजूला पाणी होऊन साचतो. अंगातल्या माणसाला वाटतं, जॅकेट गळतंय. पावसाचा एक थेंबही आत आलेला नसतो.

लेप मरतोच असं नाही. बऱ्याचदा तो झाकला जातो. डिटर्जंटचं कामच मुळी पाण्याला कापडात शिरायला मदत करण्याचं. त्याचा अंश धाग्यावर राहिला तर तो पुढेही तेच करत राहतो, पावसातसुद्धा. सॉफ्टनर त्यावर आपलं पुट चढवतो. कॉलरला मानेचा घाम आणि सनस्क्रीन, खांद्यांवर सॅकच्या पट्ट्यांचं घासणं. पथकातली नवी जॅकेटं फ्लोरिनमुक्त लेपाची होती. हे लेप पाणी झटकतात, पण तेलापुढे लवकर हार मानतात. म्हणून कॉलरवर नवी जुन्यांपेक्षाही वाईट भिजत होती.

बाईंना हे नुसतं सांगून पटलं नसतं. जॅकेटची पाठ एका पातेल्यात वाडग्यासारखी बसवली, खाली आतल्या बाजूला टिश्यू पेपर ठेवला आणि वरून पाणी ओतलं. अर्ध्या तासानं लाल कापड चिंब होतं. टिश्यू कोरडा. बाईंनी तो दोन बोटांत चोळून पाहिला, परत ठेवला, परत उचलला.

मग मशीन. साबणाचा खण आधी ब्रशनं घासून रिकामा केला, कारण तिथली जुनी पावडरही पुरेशी असते. झिप बंद, वेल्क्रो चिकटवलेलं, खिसे तपासलेले. ते एकच जॅकेट आत टाकलं आणि नुसत्या पाण्यावर मशीन सुरू केलं. साबण नाही, काही नाही. पाच मिनिटांत काचेमागे फेस चढायला लागला. पांढरा, दाट, अर्ध्या काचेपर्यंत. बाई खुर्चीवरून उठून काचेजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"साबण टाकलात ना?"

"नाही. हा तुमच्याकडून आलाय."

दोनदा साध्या पाण्यात, मग 30 अंशांवर अशा कपड्यांसाठीच्या सौम्य साबणात, मग जादा खंगाळणं. शेवटच्या पाण्यात फेस उरला नाही, तेव्हाच नवा लेप देणारं द्रव खणात ओतलं. हा क्रम मोडायचा नाही, हे मी नुकसान करून शिकलो आहे. सुरुवातीच्या काळात एका गाइडच्या मळक्या जॅकेटवर मी न धुता स्प्रे मारला होता. टेबलावर थेंब सुरेख उभे राहिले. दोन आठवड्यांत ते जॅकेट परत आलं, डागाळलेलं आणि पहिल्यासारखंच भिजणारं. लेप मळाला चिकटला होता, धाग्याला नाही. तेव्हापासून कितीही घाई असली तरी न धुतलेल्या कपड्यावर मी लेप चढवत नाही.

लेबलवर ड्रायरची खूण होती, म्हणून मंद आचेवर वाळवलं आणि सुकल्यावर आणखी 20 मिनिटं फिरवलं. जुन्या फ्लोरिनच्या लेपाला ही ऊब फार मानवते. आडवे झालेले त्याचे रेणू पुन्हा उभे राहतात. काही वेळा तर नीट धुणं आणि ऊब एवढंच पुरतं, नव्या लेपाची गरजच पडत नाही.

त्याच बाहीवर पुन्हा थेंब सोडला. तो टेबलावरून घरंगळत खाली जमिनीवर पडला.

बाकीची संध्याकाळपर्यंत दोन-दोन करून काढली. दोन मशीनं होती, तरी सगळा दिवस गेला. चार जॅकेटांना आतून जाळीचं अस्तर होतं. त्यांना द्रवात न बुडवता ओलं असतानाच बाहेरून स्प्रे मारला, कारण अस्तराला घाम टिपता यायला हवा, तेही पाणी झटकायला लागलं तर उपयोग काय?

दोन मात्र मशीनपर्यंत गेलीच नाहीत. एकाच्या पाठीवर फुगे होते, पडदा कापडापासून सुटला होता. दुसरं होतं सगळ्यांत कमी वापरलेलं, राखीव म्हणून पिशवीत गुंडाळून दमट खोलीत ठेवलेलं. उघडलं तर आंबूस वास आला आणि आतली बाजू बोटांना चिकटली. पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, आतला थर दमट हवेत हळूहळू तुटत जातो. घडीवर घासलं की पांढरे पापुद्रे गळत होते. बाई म्हणाल्या, "हे आम्ही सगळ्यांत जपलं होतं." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. सगळ्यांत जुनं, कोपरावर ठिगळ लावलेलं जॅकेट शेजारीच वाळत होतं आणि त्याच्यावर थेंब टच्च उभे होते.

आणखी दोन जॅकेटांच्या खांद्यांवर कापड इतकं झिजलं होतं की लेपाला धरायला धागाच उरला नव्हता. तिथं तासाभराच्या पावसात पुन्हा ओल येणार. हे मी स्पष्ट सांगितलं. पथकात कुणाच्या अंगात कुठलं जॅकेट जाणार, हे त्यांना ठरवता यायला हवं.

कागद मी लिहिला, पण 11 ऐवजी 2 जॅकेटांचा, आणि झिजलेल्या दोन जॅकेटांचे नंबर वेगळे. बाईंनी तो वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला. "खाली धुण्याची पद्धत लिहा. पोरं माझं ऐकत नाहीत, लिहिलेलं ऐकतात."

मी लिहायला घेतलं. मशीनचा खण घासणे. साधी पावडर नाही. जादा खंगाळणे. ओलं गुंडाळून ठेवायचं नाही, टांगायचं. सॉफ्टनर नको, असं लिहिल्यावर त्यांनी पेन मागून घेतलं आणि त्या ओळीखाली स्वतः दोन रेघा ओढल्या.