तेहतीस पूर्णांक तेहतीस थेंब

मंगळवार, रात्री.

०.३३ थेंब कसा पडतो, ते कुणीतरी मला दाखवावं.

नर्सिंगच्या मुलींचे इंटर्नलचे पेपर तपासून संपले, गठ्ठा बांधला, तरी सोलापूरवालीचं उत्तर डोक्यातून जात नाहीये. ५०० मिली सलाईन, ५ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा, म्हणजे त्याच्या नळीतून २० थेंब पडले की १ मिली. मिनिटाला किती थेंब? तिनं व्यवस्थित मांडलंय. ५०० गुणिले २०, भागिले ३००. उत्तर ३३.३३. खाली पट्टीनं दोन रेघा. आणि शेजारी माझ्याच लाल पेनाची बरोबरची खूण, पूर्ण गुण. तिनं चूक केली असती तर केव्हाच झोपले असते.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो तासांची मिनिटं करायची राहतात म्हणून, किंवा सेटचं पाकीट न वाचताच फाडतात म्हणून. आपल्या वॉर्डात साधा सेट बहुतेक २० चा आणि बारीक थेंबांचा मायक्रो ६० चा. एनक्लेक्समध्ये, म्हणजे अमेरिकेत नर्स व्हायच्या परीक्षेत, १० चे, १५ चेही येतात. आकडा प्रश्नातच दिलेला असतो, पण हाताला २० ची सवय लागलेली मुलगी तो वाचतच नाही. मायक्रोला तर गणितही नको. तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, कारण ६० नं गुणायचं आणि ६० नंच भागायचं.

बरं, ३३ आले. पुढे? थेंब पडतो तो चेंबर अर्धा भरलेला हवा, घड्याळ त्याच्या शेजारी डोळ्यांच्या रेषेत, आणि १५ सेकंदांत ८ थेंब. नळी दाबून वेग ठरवणारा रोलर लावला की पाच मिनिटांनी परत मोजायचं, कारण दबलेली नळी हळूहळू बसते आणि वेग बदलतो. पेशंटनं कोपर दुमडलं की सगळंच थांबतं. म्हणून बाटलीवर चिकटपट्टी लावायची आणि दर १०० मिलीला तासाची खूण करायची. दहाला लावलं तर अकराला पाणी पहिल्या खुणेवर हवं. हे पेपरात कुठे लिहायचं असतं? कुठेच नाही. तिथे दोन रेघा मारल्या की झालं.

एनक्लेक्सला ही सवय महागात पडते. गणिताच्या प्रश्नात रिकामा चौकोन असतो, पर्याय नसतात, आणि उत्तर पूर्णांकात हवं की एका दशांशापर्यंत ते खाली लिहिलेलं असतं. गोल करायचं ते एकदाच, अगदी शेवटी. १५० पौंड भागिले २.२ म्हणजे ६८.१८ किलो, किलोमागे ५ मिलिग्रॅम धरले तर ३४१. मध्येच ६८ करून बसलात तर ३४० येतात, आणि ३४० चूक. वॉर्डात त्या एका मिलिग्रॅमनं काही बिघडलं नसतं. बिघडतं ते टिंबानं. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच, ०.५, आणि ५ च्या पुढे टिंब-शून्य नकोच. चार्टच्या तिसऱ्या कार्बन कॉपीत टिंब उमटत नाही.

इन्सुलिनचं उलट आहे. अमेरिकन प्रश्नसंच कितीही सोडवा, आपला घोळ त्यात सापडणार नाही. आपल्याकडे बाटली ४० युनिटची, म्हणजे मिलीला ४० युनिट, आणि सिरिंज लाल टोपीची; १०० ची सिरिंज केशरी टोपीची. १०० च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अर्धा मिली येतो, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. ज्या मुलीला हे माहीत नाही तिला मी पास केलंय का? शोधत बसायची हिंमत नाही.

इतकी वर्षं मी खुणाच करत आले. गणित बरोबर, खूण. केअर प्लॅन पाच रकान्यांत, खूण. माझी स्वतःची परदेशी जायची फाईल माळ्यावर आहे, पासपोर्टचा फोटोसुद्धा अजून आत असेल. असो. आता ज्या जातायत त्यांना तरी सरळ सांगावं.

एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्स बदलली आहे. निदान ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास, मागे जाता येत नाही. तीन केस स्टडी, प्रत्येकीत ६ प्रश्न. आपल्या उत्तरावरून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न ठरवतो, त्यामुळे ८५ ला बंद पडलं म्हणजे पास आणि १५० पर्यंत गेलं म्हणजे नापास, असला हिशेब करत रडायचं नाही. 'लागू असतील ते सगळे निवडा' मध्ये आता थोडे थोडे गुण मिळतात, पण चुकीच्या खुणेचे वजा होतात. सगळ्यांवर टिचक्या मारून भागत नाही. नॉरसेटमध्येही, म्हणजे एम्सच्या नर्सभरतीच्या परीक्षेत, चुकीला एक तृतीयांश गुण जातो.

चुकांची वही ठेवा. प्रश्न उतरवू नका, कारण लिहा: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, की वॉर्डच्या सवयीनं लिहिलं. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त भरती होते. ऑपरेशनहून आलेला पेशंट, बीपी ८८/५४, नाडी १२४, ड्रेसिंग रक्तानं ओलं. आधी काय? आमच्या मुली एका सुरात: सरांना फोन. अहो, आधी त्या जखमेवर हात दाबून धरा, मग फोन.

पोटॅशियमवर तर मी तासभर बोलू शकते. १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक), थेट शिरेत कधीच नाही. हाताच्या शिरेतून साधारण तासाला १० च्या वर नको. म्हणजे एक अँप्युल ५०० मिलीत, दोन तासांत. अँप्युल घातल्यावर बाटली सात-आठ वेळा उलटीसुलटी करायची, लटकवण्याआधी. नाहीतर ते जड औषध तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांतच हृदयाकडे जातं. थेंब किती? ५०० गुणिले २०, भागिले १२०. ८३.३३. आलंच परत! पण इथे ८३ की ८४, त्याला कोण विचारतो? जीव जातो तो बाटली न हलवल्यानं.

हे लिहिलं आणि जरा हसूच आलं. मी कुठल्या टिंबाला धरून बसले होते?

कागदांचं राहिलंच. कोर्स पास झालं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होते. पुढे बाहेर जायचं तर अभ्यासाइतकीच ताकद नावाला लागते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मधे वडिलांचं नाव, लग्न झालं की नवऱ्याचं. परीक्षेच्या परवान्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं नाही तर दारातूनच परत. नावबदलाच्या गॅझेटचं काम दुसऱ्या वर्षीच उरका, शेवटच्या वर्षी कुणाला वेळ नसतो.

गठ्ठा परत सोडून सोलापूरवालीचा पेपर काढला. शेजारी ३३ लिहिलं, गोल केला. अर्धा गुण कापायचा ठरवला होता, सतराचे साडेसोळा. पण गुणांच्या तक्त्यात अपूर्णांक चालत नाहीत, साडेसोळाचे सतरा करूनच पाठवावे लागतात.

सतराच राहू दे.