रोख की खात्यावर?

दसऱ्याच्या दुपारी नवा लॅपटॉप पाटावर असतो. झाकणावर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल, शेजारी आपट्याची पानं. जेवणं उरकतात, मोठी माणसं आडवी होतात आणि घरातलं सगळ्यात अधीर पोर बटण दाबतं. यंत्र देश विचारतं, कीबोर्ड विचारतं, आणि मग अडून बसतं: आधी नेटवर्क जोडा. नेमकी तेव्हाच वीज गेलेली असते आणि राउटर बंद. 'नेक्स्ट'चं बटण फिकट राखाडी, कितीही टिचक्या मारा, हलत नाही. पूर्ण पैसे मोजलेलं, पूजा झालेलं यंत्र पुढे सरकत नाही, कारण मालकाने अजून मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलेलं नाही.

खातं हा शब्द आपल्याला वाण्याकडून मिळाला. मुलाच्या हातात पिशवी देऊन घरून धाडत, आणि पुडी बांधता बांधता वाणी विचारी, "रोख की मांडून ठेवू?" मांडून ठेवायचं असेल तर लाल कापडी बांधणीची लांबडी वही उघडे, वडिलांच्या नावाचं पान निघे, गूळ पावशेर, चहा आतपाव. रोखीच्या गिऱ्हाइकाला मात्र कुणी नाव विचारत नसे. पैसे ठेवा, पुडी उचला. तेव्हा खातं हवं कुणाला, तर ज्याचं देणं शिल्लक आहे त्याला. रोखीने आणलेल्या यंत्राने ते मागावं हे म्हणूनच खटकतं.

विंडोज 98 च्या काळी पासवर्डची चौकट यायची, आणि एस्केप दाबलं की माणूस सरळ आत. ती चौकट नेटवर्कसाठी होती, कुलूप म्हणून नव्हतीच. पण बऱ्याच घरांत पोरांना लागलेला पहिला संगणकी शोध हाच असावा. ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 आलं ते होम आवृत्तीला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं सक्तीचं करूनच. पुढच्या वर्षीच्या 22एच2 या सुधारणेत घरगुती वापराच्या प्रो आवृत्तीलाही तोच नियम लागला. लोकांनी पळवाटा काढल्या. त्यातली सगळ्यात गोड म्हणजे ईमेलच्या रकान्यात 'नो ॲट थँक्यू डॉट कॉम' लिहायचं आणि पासवर्ड म्हणून काहीही खरडायचं. ते खातं इतक्यांनी झोडपलं होतं की कायमचं टाळेबंद. मग यंत्र 'काहीतरी चुकलं' म्हणे आणि मुकाट्याने स्थानिक खातं काढू देई. 2024 मध्ये ती पळवाटही बंद झाली.

दुसरी वाट जास्त चालली. शिफ्ट धरून एफ10, काळी खिडकी उघडली की 'ओओबीई', उलटी तिरकी रेघ आणि 'बायपासएनआरओ', मग एंटर. यंत्र पुन्हा सुरू होतं आणि 'माझ्याकडे इंटरनेट नाही' हा पर्याय दिसू लागतो. (काही लॅपटॉपांवर एफ10 साठी एफएन कीही धरावी लागते. इथेच निम्मे लोक 'जमत नाही' म्हणून उठतात.) मार्च 2025 मध्ये चाचणी आवृत्तीतून 'बायपासएनआरओ'ची फाइल काढली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाकीच्या ओळखीच्या वाटाही. आज खात्रीने चालेल ती उद्या चालेलच असं नाही. त्यातल्या त्यात सोपं म्हणजे किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन रुफस नावाच्या प्रोग्रॅमने विंडोज त्यावर चढवायचं आणि 'ऑनलाइन खात्याची अट काढा' या चौकटीवर खूण करायची. बसवताना नेटची वायर काढलेली आणि वायफाय न जोडलेलं बरं. नाहीतर यंत्र वास काढतं आणि खात्याचा पडदा पुन्हा पुढे येतो.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारेल. तत्त्व वगैरे ठीक आहे, पण मला विचाराल तर खरं दुखणं पाच अक्षरांचं आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरुवात केली की तुमच्या घरच्या फोल्डरला ईमेलची पहिली पाच रोमन अक्षरं मिळतात. चंद्रशेखरचा 'चांद' होतो. मंगेशची पाच अक्षरं इंग्रजीत वाचली तर अर्थ खरूज. आणि ज्ञानेश्वराचं फक्त 'ज्ञान' उरतं, ईश्वर गळतो. पुढे सेटिंग्जमधल्या 'युवर इन्फो'त जाऊन स्थानिक खातं करून घेतलं तरी फोल्डरचं नाव तेच राहतं, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात, हात घालून ते बदलायला गेलात तर जुने पत्ते धरून बसलेले प्रोग्रॅम एकेक करून रुसतात. सरळ उपाय म्हणजे हव्या त्या नावाचा दुसरा वापरकर्ता काढून सामान तिकडे हलवणं. ते नाव पहिल्या झटक्यात देवनागरीत देऊ नये. फोल्डरही देवनागरी होतं आणि काही जुने प्रोग्रॅम त्या पत्त्यावर अडखळतात. आधी 'dnyaneshwar' हे रोमनमध्ये लिहावं, मग कंट्रोल पॅनेलमधून दिसायचं नाव 'ज्ञानेश्वर' करावं. फोल्डर रोमन, पाटी मराठी.

मुळात संगणकावर खातं आलं ते हिशेबासाठीच. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत सीटीएसएस नावाची प्रणाली होती. यंत्र एक, वापरणारे अनेक, प्रत्येकाला ठरावीक वेळ. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याचे चार तास पुरेनात. 1962 मध्ये त्याने पंचकार्डावरून पासवर्डांच्या फाइलची छापील प्रत मागवली आणि इतरांच्या नावावर काम उरकलं. वाण्याच्या वहीत शेजाऱ्याच्या पानावर आपला गूळ मांडून घेण्यातला हा प्रकार. पण तिथे खात्याला अर्थ होता, कारण यंत्र सामायिक होतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 'एक्सओ' होता, 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचा पोपटी-पांढरा लॅपटॉप. 2007 मध्ये त्यातले काही रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत आले होते. 433 मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, 256 एमबी मेमरी, 1 जीबी साठवण आणि भर उन्हात वाचता येणारा पडदा. पहिल्यांदा चालू केला की तो दोनच गोष्टी विचारी: नाव काय, आणि रंग कोणता. हात पसरलेल्या माणसाची आकृती दिसे, तिच्यावर टिचकी मारली की रंग बदलत. रंग पसंत पडले की झालं. कीबोर्डवर दातेरी चाकाचं चित्र होतं, ते दाबलं की चालू असलेल्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड उघडे. सहा-सात वर्षांच्या पोराला खातं मागायचं नाही, पण पोटातलं यंत्र दाखवायचं, हा क्रम मला फार आवडतो. अगदी सोवळं तेही नव्हतं म्हणा. वायफायचं फर्मवेअर (चिपच्या पोटातला प्रोग्रॅम) बंदिस्त होतं, आणि चोरी होऊ नये म्हणून फर्मवेअरला कुलूप. ते उघडायला डेव्हलपर-किल्ली मागवावी लागे.

खुल्या यंत्रांचा त्रास वेगळाच असतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला वर्षानुवर्षं जगभर एकच नाव 'पाय' आणि एकच पासवर्ड 'रास्पबेरी'. एप्रिल 2022 पासून ते बंद झालं, हे बरंच झालं. पण मॉनिटर न लावता पाय चालवणाऱ्याने मेमरी कार्ड लिहितानाच इमेजर या प्रोग्रॅममध्ये नाव-पासवर्ड भरले नाहीत, तर दिवे लुकलुकतात आणि आत कुणालाच जाता येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण दिसली तर खात्याशी संबंध नाही, व्होल्टेज 4.63 च्या खाली गेलंय. फोनची जुनी बारीक केबल बदला. बर्लिनच्या एमएनटी रिफॉर्म लॅपटॉपचे सगळे नकाशे खुले, स्क्रू साधे, आणि बॅटरी म्हणजे सुटे 8 सेल, हाताने काढता येतील असे. पण आठवडेच्या आठवडे चार्ज न करता ठेवला की सेल पार रिकामे होऊन कामातून जाऊ शकतात. मालक तुम्हीच, तेव्हा तक्रारही तुमच्याकडेच.

डेबियन या खुल्या लिनक्स प्रणालीत पूर्वी दसऱ्याच्या लॅपटॉपची वायफाय चिप अनेकदा ओळखलीच जात नसे. जून 2023 च्या 12 व्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर सोबतच येतं. तरी अडलं तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं, यंत्राला ती साधी वायर वाटते. बसवताना रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, पासवर्ड रिकामा सोडावा, मग पहिल्याच वापरकर्त्याला सुडोचा (रूटची कामं करण्याचा) अधिकार मिळतो. तो पासवर्ड भरला तर 'तुम्ही सुडोअर्समध्ये नाही' असं ऐकावं लागतं, आणि जुन्या आवृत्त्या वर 'या प्रकाराची नोंद घेतली जाईल' असंही बजावत. हेडमास्तरांना कळवण्याचा सूर तंतोतंत तोच.

एका बाबतीत मात्र खात्याची बाजू घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलात की बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि 48 अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. मदरबोर्ड बदलला, कधी नुसतं बायोस अपडेट झालं, तरी यंत्र ती किल्ली मागू शकतं. खातं कुणाच्या ईमेलने उघडलं होतं हे घरात कुणालाच आठवत नाही, आणि लग्नाचे फोटो आत असतात. ती किल्ली आजच कागदावर छापून दागिन्यांच्या डब्यात ठेवावी. डेबियनवर डिस्क लक्स या तिथल्या कुलपाने बंद केली असेल तर विचारायला दारच नाही. सांकेतिक वाक्य विसरलात की संपलं. 'क्रिप्टसेटअप'च्या 'लक्सॲडकी' या आज्ञेने दुसरं वाक्य घालता येतं. ते घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगून ठेवावं. आपण नसताना उघडावं लागलं तर, हा विचार सणाच्या दिवशी कुणी करत नाही.

आणि चौकशा फक्त मोठ्या कंपन्याच करतात असंही नाही. डेबियनवर 'ॲडयूझर'ने नवा माणूस घाला. पूर्ण नाव? खोली क्रमांक? कामाचा फोन? घरचा फोन? इतर? युनिक्सच्या जुन्या कचेरीतले हे रकाने अजून तसेच आहेत. सगळीकडे नुसतं एंटर दाबत जायचं. शेवटी यंत्र विचारतं, 'माहिती बरोबर आहे ना?' पुन्हा एंटर. बरोबर आहे म्हणतं.