काळी चारचा तंबोरा

मिरजेच्या सितारमेकर गल्लीतल्या त्या तंबोऱ्यांच्या दुकानात मी वेबसाइट तपासायला सकाळी पोचले, तेव्हा चाचा दारातच मांडी घालून घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा, घासत होते. मागे भिंतीला भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तुनाच्या लाकडाच्या दांड्या उभ्या. त्यांचा पुतण्या लॅपटॉप उघडून माझी वाट बघत होता.

"तीन वर्षं झाली वेबसाइट करून," तो म्हणाला. "तिच्यावरून एक गिऱ्हाईक आलेलं नाही. ताई, दुकानाचं नाव टाकलं तरी सापडत नाही."

नाव टाकूनही सापडत नाही हे ऐकल्यावर मी डिझाइनकडे बघितलंच नाही. एखाद्या साइटची किती पानं गूगलकडे नोंदलेली आहेत हे विचारायची सोय आहे. विचारलं. उत्तर शून्य. मग साइटच्या आतल्या बाजूला शिरले. वर्डप्रेसमध्ये 'रीडिंग' नावाच्या सेटिंगखाली एक बारीक चौकोन असतो. त्यात खूण असली, की सर्च इंजिनांना निरोप जातो, ही साइट धरू नका. साइट अर्धवट असताना ती खूण ठेवणं शहाणपणाचं असतं. काम संपल्यावर काढायची असते. साइट करून देणाऱ्याने ती काढली नव्हती.

पुतण्या स्क्रीनकडे बघत राहिला. चाचांनी घासणं थांबवून विचारलं, "काय झालं?"

"चाचा, तीन वर्षं आपल्या दारावर 'बंद' अशी पाटी होती."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं, लोकांना आता फोनमधला तानपुरा पुरतो. म्हणून मी यंदा भोपळे कमी घेतले."

हे ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा तो भोपळा वाळवून, पारखून ठेवावा लागतो. हवा तेव्हा बाजारातून उचलून आणता येत नाही. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, तिथला एक जुना कारागीर आपल्या वाद्याला मागणी उरली नाही असं धरून चालला होता, आणि त्याला कारण एक विसरलेली खूण!

खूण काढली, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं साधन) साइटची मालकी नोंदवली, पानांची यादी पाठवली. अर्ध्या तासाचं काम. मी त्या दिवशी तेवढ्यावर उठलेही असते, पण जेवायच्या वेळी फोन वाजला.

न्यू जर्सीहून एक मराठी बाई बोलत होत्या. नंबर त्यांना त्यांच्या मुलीच्या गाण्याच्या बाईंनी दिला होता. पुतण्याने फोन स्पीकरवर ठेवला. "मुलगी काळी चारमध्ये गाते. तिला कुठला तंबोरा घेऊ?" काळी चार म्हणजे हार्मोनियमवरची चौथी काळी पट्टी; तोच तिचा सा. चाचांनी मॉडेल सांगितलं नाही, किंमतही सांगितली नाही. भिंतीजवळचा एक तंबोरा उचलला, खुंट्या पिळून पंचम लावला, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, शेवटी मणी सरकवून सूर नेमका केला आणि फोनसमोर छेडला. पलीकडून बाई एवढंच म्हणाल्या, "हाच."

मी साइट परत उघडली. तिथे तोच तंबोरा 'टीएल-4 डिलक्स' म्हणून होता, खाली लांबी इंचांत. काळी चार हे शब्द कुठेही नव्हते. 'तंबोरा' हा शब्दसुद्धा नव्हता. सगळीकडे 'तानपुरा', तोही चित्रात कोरलेला. मजकूर पोस्टरसारखा चित्रात घातला की वाचणाऱ्याला दिसतो, पण पानाचा मजकूर म्हणून शोधयंत्राच्या हाती फारसं लागत नाही, आणि फोनवर ती अक्षरं मुंगीएवढी होतात. प्रत्येक पानाचं शीर्षक एकच होतं: 'मुखपृष्ठ'.

मग संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसले. येणारा प्रत्येक फोन, दारात येणारा प्रत्येक माणूस काय विचारतो ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवलं. 'पांढरी दोनला चालेल का?' 'जवारी बोलत नाही' (म्हणजे तारेचा नाद खुलत नाही). 'विमानातून नेता येईल का?' 'निषादाचा लावला तर तार बदलायची का?' 'डावखुऱ्यासाठी करून द्याल?' 'तबलीला बारीक तडा गेलाय, बुजेल का?' इंचांबद्दल कुणीही विचारलं नाही. लोकांना आपली पट्टी माहीत असते. गुरूने पहिल्या दिवशी तीच सांगितलेली असते.

पुढचे सहा आठवडे आम्ही त्या वहीवरून साइट पुन्हा बांधली. मॉडेल नंबर मागे टाकले आणि दुकान पट्टीप्रमाणे लावलं: काळी एक, पांढरी दोन, काळी चार, पांढरी सहा. प्रत्येक पानावर 'तंबोरा' आणि 'तानपुरा' दोन्ही शब्द वाक्यात सहज येतील असे ठेवले. मराठी घरात पहिला शब्द चालतो, बाहेरचा गिऱ्हाईक दुसरा टाइप करतो. फोटो फोनमधून काढून जसेच्या तसे चढवलेले होते, एकेक पाच-सहा एमबीचा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा असते. गल्लीतल्या नेटवर्कवर आमचं पान त्याच्या जवळपासही नव्हतं. फोटो हलके केले, तेव्हा कुठे ते उघडायला लागलं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आवाज. प्रत्येक वाद्याचं एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण आम्ही रात्री गल्ली शांत झाल्यावर केलं. त्यावर काही संस्कार केला नाही, कारण पार्सल उघडल्यावर जे ऐकू येणार तेच आधी ऐकू यायला हवं. ऐकण्याचं बटण फोटोच्या खाली नाही, फोटोच्या वर ठेवलं.

एका गोष्टीवर चाचांनी मला अडवलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं चिन्ह पहिल्याच पानावर ठळक लावावं असं माझ्या मनात होतं. चाचा म्हणाले, "अर्ज केलाय. माझ्या नावाचा कागद हातात आला की लाव. आधी नको." बरोबर होतं त्यांचं. ते चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यानेच वापरायचं असतं. ती जागा आम्ही मोकळी ठेवली.

दुसरा वाद काका-पुतण्यांतच झाला. प्रवासात घोडीवरचा धागा सरकतो आणि वाद्य मुकं वाटतं. तो घरी जागेवर कसा आणायचा याचं एक पान करावं, असं चाचांचं म्हणणं. पुतण्याला वाटलं, मग दुरुस्तीचं गिऱ्हाईक जाईल. चाचा म्हणाले, "त्याला धागा सरकवता आला नाही, तर तो माझा तंबोरा खराब म्हणेल." त्यांनी स्वतः बोटांनी करून दाखवलं आणि मी जवळून टिपलं: धागा तारेखाली केसभर पुढे, केसभर मागे, जिथे नाद उमलतो तिथे थांबायचं.

सर्च कन्सोलमध्ये दिसलं, की सुरुवातीला लोक पोचले ते त्याच धाग्याच्या पानावर. 'जवारी लागत नाही', 'तंबोऱ्याचा धागा' असे शब्द टाकून. त्यातले काही तिथून पट्टीच्या पानांवर गेले. 'काळी चार तंबोरा' हा शोध यादीत पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी त्याचं चित्र पुतण्याला पाठवलं.

त्याने उत्तर म्हणून फोटो पाठवला. दुकानाच्या दारात टेम्पो उभा होता, आणि चाचा एकेक भोपळा हातात घेऊन, बोटाने टिचकी मारून, कान लावून ऐकत होते.