‘कॉज्ड बाय’ कुठे गेलं?

आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो, त्यामुळे ३१ मार्चला मला कुणी जेवायला बोलावत नाही. त्या रात्री ठेवींवर व्याज चढवायचं काम तीन सर्व्हरांवर वाटून सुटतं. यंदा एकच्या सुमारास ते मध्येच थांबलं आणि माझा फोन वाजला.

लॉग, म्हणजे प्रोग्राम चालताना लिहितो त्या नोंदी, आमच्याकडे नव्हते. ग्राहकाच्या अटीप्रमाणे सगळे लॉग सिसलॉगने (नोंदी नेटवर्कवरून पाठवायची जुनी रीत) त्यांच्या स्वतःच्या, दुसऱ्या गावातल्या सर्व्हरवर जात होते आणि आमच्याकडे एक फाइलही उरत नव्हती. ही जोडणी दोन महिन्यांपूर्वी मीच केली होती. लॉगबॅक (जावा प्रोग्रामचे लॉग लिहिणारी लायब्ररी) याच्या कॉन्फिगमध्ये सिसलॉगचा अपेंडर, म्हणजे नोंदी पाठवणारा भाग, टाकला, तिकडचा पत्ता दिला, यूडीपी (पाकिटं पाठवायची एक पद्धत) पोर्ट ५१४ दिला. ‘नमस्कार’ अशी एक ओळ पाठवून पाहिली, ती तिकडे उमटली, मी तिकीट बंद केलं. एकदा एक्सेप्शनही (जावामधला एरर) पाठवून बघावं, हे सुचलंच नाही.

तिकडच्या लॉगमध्ये त्या रात्री जे दिसलं त्याला स्टॅक ट्रेस (एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आला त्याची यादी) म्हणणं जिवावर येतं. ‘ॲट’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ स्वतंत्र संदेश होऊन आली होती. आमचा एक ट्रेस साधारण १४० ओळींचा, म्हणजे एका एररचे १४० संदेश. तिन्ही सर्व्हरांवर आठ-आठ थ्रेड (प्रोग्राममधली समांतर कामं) एकाच वेळी तोच एरर फेकत होते, त्यामुळे याची तिसरी ओळ, त्याची अठरावी, मग पुन्हा याची पाचवी. पत्ते पिसल्यासारखं. पहिल्या ओळीत थ्रेडचं नाव होतं, खालच्या ओळींना मात्र नुसता टॅब. कुठली ओळ कुणाची हे कळायला मार्गच नाही. वेळेवरून लावावं, तर जुन्या सिसलॉगची वेळ सेकंदापर्यंतच असते आणि चारशे ओळी एकाच सेकंदातल्या. त्यात वर्ष नाही, टाइमझोनही नाही. तिकडचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यामागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतो, त्यामुळे आमचे १:१० तिथे तसेच १:१० म्हणून उमटलेले, आणि त्याच क्षणाच्या त्यांच्या फायरवॉलच्या नोंदी १९:४० वर. साडेपाच तासांचा हा घोळ उलगडायलाच माझी वीस मिनिटं गेली.

आणि मला हवी असलेली ओळ नव्हतीच. जावामध्ये खरं कारण ट्रेसच्या तळाशी असतं, शेवटच्या ‘कॉज्ड बाय’च्या पुढे. यूडीपीत पाकीट पोचलं की नाही हे कुणी विचारत नाही, आणि एका झटक्यात हजारो पाकिटं आली की काही गळतात. तळाच्या ओळी सगळ्यात शेवटी निघतात, तोवर पलीकडचा बफर भरलेला असणार. शेवटी एक खातं वेगळं काढून ते काम हाताने, डोळ्यांसमोरच्या टर्मिनलवर चालवलं, तेव्हा उलगडा झाला: व्याजाच्या नोंदीचं वर्णन ५० अक्षरांच्या कॉलममध्ये मावत नव्हतं. पोस्टग्रेसने, म्हणजे आमच्या डेटाबेसने, ते अगदी स्पष्ट सांगितलं होतं, वाटेत कुठेतरी ते सांडलं. कॉलम वाढवला, काम पुन्हा सोडलं, पहाटे साडेचारला चहा केला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला बसले. आधी सगळ्यात सोपा उपाय: लॉगबॅकमध्ये ट्रेसच्या ओळींसाठी वेगळा पॅटर्न (ओळीचा साचा) देता येतो, त्यात थ्रेडचं नाव आणि खातेक्रमांक घातला. आता ग्रेप करून, म्हणजे शब्दाने शोधून, एका थ्रेडच्या ओळी वेगळ्या निघत होत्या. पण गळती तशीच.

मग ठरवलं की अख्खा ट्रेस एकाच संदेशात पाठवायचा. एक्सेप्शन वेगळं पाठवू नकोस असं अपेंडरला सांगता येतं. ते सांगितलं आणि ट्रेस मुख्य पॅटर्नमध्येच घातला. मुद्दाम एरर केला आणि ग्राहकाकडे लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या दादांना फोन लावला.

“आला का?”

“आलाय, पण अगं, सगळं एका ओळीत आलंय. आणि मधे मधे एरर नंबर बारा, एरर नंबर अकरा असं लिहिलंय.”

त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. खरंच, जागोजागी #०१२#०११. आम्ही दोघांनी चांगला तासभर ‘एरर १२’ शोधला, कारण लिनक्समध्ये १२ क्रमांकाचा एरर आहेही: मेमरी संपल्याचा. दादांनी बिचाऱ्यांनी मेमरीचे आलेखही काढले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की हे ऑक्टल आहे, म्हणजे आठाच्या पायावरची मोजणी. ऑक्टलमध्ये ०१२ म्हणजे दशमानात १०, म्हणजे नवी ओळ. ०११ म्हणजे ९, म्हणजे टॅब. तिकडचा आरसिसलॉग (सिसलॉगचे संदेश घेणारा प्रोग्राम) आलेल्या संदेशातली कंट्रोल कॅरेक्टर, म्हणजे टॅबसारखी न दिसणारी चिन्हं, अशी बदलून लिहितो. ते बंद करता येतं. दादा म्हणाले, “मी करणार नाही.” त्यांचं बरोबर होतं. नवी ओळ तशीच उतरू दिली, तर फॉर्ममध्ये नावाच्या जागी एंटर मारून कुणीही लॉगमध्ये खोटी नोंद घुसवू शकतो.

त्याहून वाईट म्हणजे ट्रेस आठ किलोबाइटला कापला जात होता. आरसिसलॉगची ती मूळ मर्यादा आहे. खरं तर तो उदारच म्हणायचा. सिसलॉगची रीत नोंदवणाऱ्या आरएफसी ३१६४ या कागदात तर अख्ख्या पाकिटाला १०२४ बाइट आहेत. तो कागद २००१ चा असला तरी त्यातली रीत १९८० च्या दशकातली, एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी सिसलॉग लिहिलं तेव्हापासूनची. मेल गेली, मेल अडली, एवढं सांगायला एक ओळ पुरे. आमचा ट्रेस पंधरा किलोबाइटचा, आणि कापतात शेपटाकडून. म्हणजे ‘कॉज्ड बाय’ आधी नशिबाने जायचं, आता नियमाने जाऊ लागलं.

इथे मी थांबले आणि अख्खा ट्रेस कागदावर छापून काढला. तीन पानं. आमच्या स्वतःच्या कोडच्या ओळींवर हिरवा हायलायटर फिरवला. १४० पैकी अकरा. बाकी सगळं दुसऱ्यांचं तयार कोड: स्प्रिंगचे प्रॉक्सी, रिफ्लेक्शन, टॉमकॅट, कनेक्शन पूल. हे सगळं मी इमानेइतबारे दर एररला शंभर मैल लांब पाठवत होते.

लॉगबॅकमध्ये यावर दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही मला सहा वर्षं वापरून माहीत नव्हत्या. एक, ट्रेस उलटा छापता येतो: मूळ कारण सर्वांत वर आणि त्याला गुंडाळणारी एक्सेप्शन त्याखाली, ‘रॅप्ड बाय’ म्हणून. शेपूट कापलंच तर निरुपयोगी भाग जातो. दोन, पॅकेजची नावं दिली की त्यांच्या ओळी गाळून फक्त किती गाळल्या तो आकडा लिहिला जातो. दोन्ही लावल्यावर पंधरा किलोबाइटचे तीन झाले. ओळी जोडण्यासाठी नव्या ओळीच्या जागी उभी रेघ टाकली. त्यात एक फजिती: ही अदलाबदल करणाऱ्या सूचनेच्या पोटात ट्रेस घातला की आमच्या जुन्या लॉगबॅकला तो दिसायचा नाही, पॅटर्नमध्ये ट्रेस नाहीच असं समजून तो स्वतःहून शेवटी आणखी एकदा चिकटवायचा. ‘आता पुरे’ असं सांगणारा एक वेगळा शब्द पॅटर्नच्या शेवटी लिहावा लागतो. दर एरर दोनदा का येतोय हे शोधण्यात एक दुपार गेली.

एवढ्यावर भागलं असतं, पण यूडीपीवरून माझा विश्वास उडाला होता. टीसीपी (पाकीट पोचल्याची खात्री करणारी पद्धत) हवं म्हटलं, तर ग्राहकाकडून पोर्ट उघडून मिळायला बारा दिवस लागले. त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. आता ॲप्लिकेशन स्वतः काही पाठवत नाही. ते एका लायब्ररीच्या मदतीने इथल्याच फाइलमध्ये जेसन (महिरपी कंसात नाव आणि मूल्य लिहायची पद्धत) लिहितं, एका ओळीत एक नोंद, आणि आमच्या सर्व्हरवरचा आरसिसलॉग ती फाइल वाचून टीसीपीने पुढे ढकलतो. साध्या टीसीपी सिसलॉगमध्ये नवी ओळ म्हणजे संदेशाचा शेवट. पण जेसनमध्ये नवी ओळ ‘बॅकस्लॅश आणि एन’ अशी दोन साधी अक्षरं होऊन जाते, म्हणून कुणाची हरकत नाही. पलीकडे उलगडली की ट्रेस पुन्हा ओळीओळीने दिसतो. वेळही जेसनमध्येच, टाइमझोनसकट.

फक्त अर्धवट कापलेलं जेसन हे जेसनच नसतं. शेवटचा महिरपी कंस गेला की अख्खी नोंद वाया. म्हणून दादांनी दोन्हीकडे मर्यादा ६४ किलोबाइट केली (ती कॉन्फिगच्या अगदी सुरुवातीला लिहावी लागते) आणि मी ट्रेसची लांबी ॲप्लिकेशनमध्येच बांधली. ही लांबी अक्षरांत मोजली जाते, सर्व्हरची मर्यादा बाइटमध्ये, आणि आमच्या संदेशांत खातेदारांची नावं देवनागरीत, एका चिन्हाला तीन बाइट. म्हणून हात बराच आखडता घेतला. जेसन लिहिणाऱ्या लायब्ररीतून ट्रेसचा हॅशही (मजकुरावरून काढलेली छोटी खूण) मिळतो. सारख्या ट्रेसना सारखा हॅश, त्यामुळे चारशे खात्यांचा एकच एरर एकच म्हणून मोजता येतो.

जूनमध्ये दादांचा फोन. “अगं, तुझं ते परत बिघडलं. नल पॉइंटर आलाय आणि खाली काहीच नाही. एकसुद्धा ओळ नाही.”

माझ्या पोटात गोळा. गाळणी जास्त लागली का? लांबीची मर्यादा चुकली का? इथली फाइल उघडली, तिथेही तेच: एक्सेप्शनचं नाव, ट्रेस रिकामा. मग दोन तास मागे गेले, तर तोच एरर पूर्ण ट्रेससकट आलेला. शेकडो वेळा आल्यावर मात्र पुढचे सगळे बोडके. हे लॉगबॅकचं नाही, सिसलॉगचं नाही, माझंही नाही. एकाच जागेवरून नल पॉइंटरसारखं तेच एक्सेप्शन वारंवार उडायला लागलं की हॉटस्पॉट (जावा चालवणारं इंजिन) वेगासाठी ट्रेस भरणंच सोडून देतो. ‘ओमिट स्टॅक ट्रेस इन फास्ट थ्रो’ नावाचा फ्लॅग आहे, मुळात चालू असतो. तो सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये बंद केला आणि दादांना कळवलं.

“म्हणजे जावा पाठवतच नव्हता?”

“नव्हता.”

“मग मी मेमरीचे आलेख नको काढू ना?”