बिल्ड टूल कोणतं घ्यावं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"ताई, आमच्या टीमला मेव्हन बरं की ग्रेडल? आणि बॅझेल शिकून ठेवू का?" फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं, पर्वरीत किंवा पणजीत सात-आठ जणांची टीम चालवणारे जुने सहकारी, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला कुणाचा तरी भाचा, अशा कितीतरी जणांनी मला हे विचारलं आहे. (बिल्ड टूल म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवून देणारं टूल; मेव्हन, ग्रेडल, बॅझेल ही त्यांची नावं.) दर वेळी उभ्या उभ्या उत्तर दिलं आणि दर वेळी अर्धं राहिलं. म्हणून आज नीट लिहिते.

आधी थेट उत्तर. जावात सर्व्हर लिहिणारी लहान टीम असेल तर मेव्हन घ्या. अँड्रॉइड अ‍ॅप असेल तर ग्रेडल, कारण गूगलने 2013 मध्येच तो रस्ता धरला आणि आता तिथे निवडायला फारसं काही उरलेलं नाही. सी किंवा सी++ असेल तर मेक, किंवा वर सीमेक (बिल्डच्या फाइली लिहून देणारं) आणि खाली निंजा (त्या चालवणारं). बॅझेल आत्ता नको.

एवढ्यावर तुमचं काम भागेल, पण माझं समाधान होत नाही. बिल्ड टूलचं खरं काम एकच असतं: काय पुन्हा बिल्ड करायला हवं आणि काय नको, हे अचूक ओळखणं. ते ओळखणं चुकत नाही अशी टीमची खात्री असेल तर टूल चांगलं चाललंय. ज्या ऑफिसात "आधी क्लीन मारून बघ" (म्हणजे आधी बनलेलं सगळं पुसून नव्याने बिल्ड कर) हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू येतं, तिथे ती खात्री गेलेली असते. मग टूल कितीही नावाजलेलं असो.

हे मी वेर्ण्याला शिकले. औद्योगिक वसाहतीतली माझी पहिली नोकरी. मीटरमध्ये बसणाऱ्या एका छोट्या बोर्डासाठी आम्ही सीमध्ये कोड लिहायचो आणि बिल्ड मेकवर चालायचं. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप होता, सगळे त्याच्यावरच लॉगिन करून काम करायचे. जूनचा पाऊस सुरू झाला आणि विजेचा लपंडावही. एका सकाळी वीज गेली ती तासभर आलीच नाही, यूपीएसनेही मान टाकली. वीज आल्यावर मशीन सुरू झालं, पण त्याच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल कधीचा संपला होता. घड्याळ काही वर्षं मागे गेलं. एरवी नेटवरून वेळ आपोआप दुरुस्त झाली असती, पण पावसाने नेटची लाइनही पाडली होती.

हे मला काहीच माहीत नव्हतं. मी कोडमधली एक चूक दुरुस्त केली, फाइल सेव्ह केली, मेक मारलं, बोर्डावर चढवलं. चूक तशीच. पुन्हा कोड वाचला, पुन्हा मेक, पुन्हा बोर्ड. दुपारी तीन वाजेपर्यंत मी बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत होते. शेवटी शेजारच्या टेबलावरचे सर उठून आले, दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "डेट टाइप करून बघ गो."

टाइप केलं आणि सगळं समजलं. मेक फक्त तारखा बघतं. सोर्स फाइल (आपण लिहिलेला कोड) तिच्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा (त्या कोडपासून कंपाइल होऊन बनलेल्या फाइलपेक्षा) नवी असेल तर कंपाइल करायचं, नसेल तर सोडून द्यायचं. माझी ऑब्जेक्ट फाइल कालची होती आणि आत्ता सेव्ह केलेल्या सोर्सवर मात्र कित्येक वर्षांपूर्वीची तारीख पडली होती. मेकच्या हिशोबाने करण्यासारखं काहीच नव्हतं. घड्याळात गडबड आहे अशी सूचनाही ते देत होतं, पण आमच्या कोडमधून निघणाऱ्या पन्नास-साठ वॉर्निंगच्या गर्दीत ती एक ओळ कोण वाचणार?

पुढे मेकचा इतिहास वाचला तेव्हा अंगावर काटा आला. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मेक लिहिलं, तेच मुळी अशा एका सकाळीमुळे. त्यांच्या एका सहकाऱ्याने अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रामशी झगडण्यात घालवली होती. चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. या कामासाठी 2003 मध्ये फेल्डमनना एसीएम या संगणक क्षेत्रातल्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार मिळाला. मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकचे नियम लिहायच्या फाइलमध्ये, कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, या नियमावर आजही नवी मुलं डोकं आपटतात. तो अडचणीचा आहे हे फेल्डमनना थोड्याच दिवसांत कळलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यांचं काम मोडायला नको म्हणून टॅब राहिला, तो आजतागायत. तुमच्या टीमच्या बिल्ड फाइलमध्ये पहिल्या आठवड्यात घाईने लिहिलेलं जे असेल, तेही असंच चिकटून बसणार आहे. म्हणून पहिला आठवडा तिला मोकळ्या मनाने द्या.

आता मेव्हन. त्याच्याआधी जावावाल्यांकडे अँट होतं, ते 2000 मध्ये आलं. अँटमध्ये दर प्रोजेक्टची स्क्रिप्ट वेगळी, कंपाइल कुठे होतं आणि जार (कंपाइल झालेल्या जावा कोडची एकत्र बांधलेली फाइल) कुठे पडते ते त्या स्क्रिप्टच्या मालकालाच ठाऊक. 2004 मध्ये मेव्हनची पहिली पक्की आवृत्ती आली आणि त्याने जागाच ठरवून टाकल्या: सोर्स इथे, टेस्ट इथे, तयार जार इथे. चवथीला तुम्ही गोव्यातल्या कुणाच्याही घरी जा, माटोळी (फळापानांची टांगती आरास) कुठे बांधली आहे हे विचारावं लागत नाही, ती गणपतीच्या डोक्यावरच असणार. मेव्हनचा प्रोजेक्ट असाच असतो. नवी मुलगी सोमवारी टीममध्ये आली तर मंगळवारी तिला काय कुठे आहे ते सापडतं. लहान टीमसाठी मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

उणीव आहेच. काय बदललं हे मेव्हन ढोबळपणे ओळखतं. एक फाइल बदलली तरी बहुतेक वेळा अख्खं मॉड्यूल, म्हणजे प्रोजेक्टचा तो सगळा भाग, नव्याने कंपाइल होतं. शिवाय लोकांच्या बोटांना "क्लीन इन्स्टॉल" अशी सवय लागलेली असते की आधीचं काही वापरलंच जात नाही. बिल्ड दोन-तीन मिनिटांत संपत असेल तर हे चालवून घ्या. वीस मिनिटं लागत असतील तर चालवून घेऊ नका.

मेव्हनवरचा माझा सगळ्यात वाईट अनुभव मात्र वेगाचा नाही. एका टीममध्ये आमचं रिलीज नेमकं चवथीच्या आठवड्यात आलं. दर वेळी बिल्ड काढणारा मुलगा सत्तरी तालुक्यातल्या आपल्या गावी गेला होता, तिथे मोबाइलला रेंज टेकडीवरच मिळायची. माझ्या लॅपटॉपवर बिल्ड मारलं तर एक जार सापडेना. सर्व्हरवर नाही, कंपनीच्या रिपॉझिटरीत (सामायिक साठ्यात) नाही. सहा महिन्यांपूर्वी त्याने ती कुणाकडून तरी ईमेलने मागवून स्वतःच्या मशीनवरच्या डॉट-एम-टू फोल्डरमध्ये (मेव्हन जिथे जार साठवतं तिथे) हाताने घातली होती आणि पुढे विसरून गेला होता. त्याचा फोन दीड दिवसाने लागला. तोवर चार माणसं सणाच्या दिवशी ऑफिसात बसून होती, त्यातल्या एकीच्या घरी त्या वर्षी पहिलीच चवथ होती. मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते.

त्या दिवसापासून माझा एक हट्ट आहे. बिल्ड रोज एकदा तरी कोऱ्या मशीनवर झालं पाहिजे, जिथे आधीचं काहीच साठवलेलं नाही. जेनकिन्स, गिटलॅब, गिटहब अ‍ॅक्शन्स, बिल्ड आपोआप चालवणारं काहीही वापरा. (पुष्कळजण "मेव्हन की जेनकिन्स" असंही विचारतात. ही दोन वेगळी कामं आहेत. जेनकिन्स बिल्ड कधी आणि कुठे चालवायचं ते बघतं, कसं करायचं ते मेव्हन बघतं.)

मेव्हन आणि ग्रेडलमधला आणखी एक फरक फार थोडे सांगतात. एकाच लायब्ररीच्या (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) दोन आवृत्त्या दोन वाटांनी प्रोजेक्टमध्ये आल्या तर कोणती घ्यायची? मेव्हन जवळची घेतं, म्हणजे तुमच्यापासून कमी पायऱ्यांवर असलेली. ग्रेडल आपणहून सगळ्यात नवी घेतं. त्यामुळे एका टूलवरून दुसऱ्यावर गेलात आणि कोडची एक ओळही बदलली नाहीत, तरी आत वेगळ्याच जार जाऊ शकतात. डिसेंबर 2021 मध्ये लॉग-फोर-जे या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघडकीला आलं तेव्हा जगभरच्या टीमना एकच प्रश्न पडला होता: आपल्यात ती आहे का, असली तर कोणती? ज्यांना डिपेंडन्सीचं झाड (कोणती लायब्ररी कोणत्या वाटेने आत आली याची यादी) काढून वाचायची सवय होती त्यांना मिनिटभरात कळलं. तुमच्या टीममध्ये ते झाड काढणारी निदान दोन माणसं हवीत. टूल निवडण्याआधीच ती तयार करा.

ग्रेडलची पहिली पक्की आवृत्ती 2012 ची. ते तारखेवर विसंबत नाही, फाइलच्या आतला मजकूर बघतं, आणि काहीच बदललं नसेल तर त्या कामापुढे "अप-टू-डेट" लिहून पुढे सरकतं. तुम्ही एखाद्या मॉड्यूलमधल्या प्रायव्हेट (बाहेरून न दिसणाऱ्या) मेथडच्या आत काही बदललंत तर त्या मॉड्यूलवर अवलंबून असलेली बाकीची मॉड्यूल्स पुन्हा कंपाइल करायची नसतात, हेही त्याला कळतं. वर कॅश (आधी बनलेलं साठवून पुन्हा वापरायची सोय) आहे, तो सगळ्या टीमला मिळून वापरता येतो. मोठ्या प्रोजेक्टमध्ये दिवसाकाठी वाचणारा वेळ मी स्वतः मोजला आहे, तो खरा आहे.

धोका एवढाच की ग्रेडलची बिल्ड फाइल म्हणजे ग्रूव्ही किंवा कॉटलिन या भाषेतला चालता प्रोग्राम असतो. हुशार माणसाच्या हाती प्रोग्राम दिला की तो लिहितच सुटतो. नऊशे ओळींची एक बिल्ड फाइल मी सांभाळली आहे. लिहिणारा बेंगळुरूला निघून गेला होता आणि त्यातल्या एका लूपला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. ग्रेडल घ्यायचं असेल तर पहिल्या दिवशी ठरवा की बिल्ड फाइलमध्ये इफ आणि लूप लिहिण्याआधी दुसऱ्या कुणाची तरी संमती लागेल. आणि ग्रेडलचा रॅपर (ठरलेली आवृत्ती स्वतः उतरवून चालवणारी छोटी स्क्रिप्ट) टीमचा कोड जिथे राहतो त्या गिटमध्ये टाका, म्हणजे सगळ्यांची आवृत्ती एकच राहते.

बॅझेलबद्दल मला आदर आहे. गूगलच्या आतलं ब्लेझ हे टूल 2015 मध्ये या नावाने सगळ्यांसाठी खुलं झालं, 1.0 आवृत्ती 2019 मध्ये आली. एखादी फाइल लागते असं तुम्ही लिहून दिलं नसेल तर बॅझेल बिल्डच्या वेळी ती दिसूच देत नाही. माझ्या वेर्ण्याच्या त्या दुपारीवर आणि त्या चवथीवर इतकं चोख उत्तर दुसऱ्या कुणाकडे नाही. पण त्याची किंमत माणसांत मोजावी लागते. प्रत्येक फोल्डरचे नियम लिहायचे, बाहेरच्या लायब्ररी बसवायच्या, एडिटरशी जुळवायचं, यात एक माणूस कायमचा गुंततो. शंभरजण कोडच्या एकाच रिपॉझिटरीत तीन भाषांमध्ये काम करत असतील तर तो माणूस जरूर द्यावा. आठजणांच्या टीमने कुठून द्यायचा?

गेल्या महिन्यात फोंड्याच्या बस स्टँडवर एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिच्या टीमचं ग्रेडल फार हळू चालतं म्हणून सगळं मेव्हनवर न्यायचा विचार चालला होता. मी तिला एवढंच सांगितलं, काहीही न बदलता लागोपाठ दोनदा बिल्ड मार आणि दुसऱ्या वेळी कोणत्या कामापुढे "अप-टू-डेट" येत नाही ते लिहून काढ. रात्री तिचा मेसेज आला. एक छोटंसं काम दर वेळी नव्याने चालत होतं. ते बिल्डची तारीख आणि वेळ एका फाइलमध्ये लिहायचं, ती फाइल मूळ मॉड्यूलमध्ये जायची आणि त्यामुळे पुढच्या सगळ्या टेस्ट रोज पहिल्यापासून धावायच्या. तारीख फक्त रिलीजच्या बिल्डमध्ये लिहायची असं तिने केलं. मेव्हनचा विषय त्यानंतर तिने काढला नाही.