माकडाचं नाव, साडेसहा लाख डॉलर

आज भाचीचा जीवशास्त्राचा अभ्यास घेताना बोलिव्हियातल्या टिटी माकडाचा विषय निघाला. मादिदी राष्ट्रीय उद्यानात नवी जात सापडली आणि २००५ मध्ये संशोधकांनी तिच्या नावाचा हक्क चक्क लिलावात काढला. गोल्डन पॅलेस नावाच्या ऑनलाइन कॅसिनोने साडेसहा लाख डॉलर मोजले. माकडाच्या लॅटिन नावात आता कॅसिनो कायमचा जाऊन बसलाय! पैसा मात्र त्याच जंगलाच्या रक्षणासाठी गेला.

"मावशी, जुगाराचा पैसा?"

हो गं. वनरक्षकांचे पगार नुसत्या कौतुकावर निघत नाहीत. आणि पूर्वीही मोहिमांना पैसा पुरवणाऱ्या उमरावांची नावं प्राण्यांना मिळायचीच की. इथे निदान बोली उघड लागली. तरी कॅसिनो जरा खटकतोच मला.

भाची सध्या गॅलरीतल्या कोळ्यासाठी गिऱ्हाईक शोधतेय. 😄